नोकरी, नोटीस आणि नुकसानभरपाई : कामगार व मालकांना नेहमी पडणारे प्रश्न

कामगार कायदा म्हटले, की गिरणीचा भोंगा, कारखान्याच्या फाटकावरची सभा आणि लाल बावटा एवढेच चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात या कायद्याची व्याप्ती त्याहून कितीतरी मोठी आहे. कापडदुकानातील विक्रेता, खासगी रुग्णालयातील परिचारिका, वाळूज किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील ठेकेदाराचा मजूर, हिंजवडीतील संगणक अभियंता आणि या सर्वांना पगार देणारा मालक अशा प्रत्येकाचा त्याच्याशी कधी ना कधी संबंध येतो. तो बहुधा वाईट वेळीच येतो. पगार थकलेला असतो, राजीनामा मागितलेला असतो किंवा फाटकावर नाव पुकारणे बंद झालेले असते. हक्क असूनही तो हातचा जाण्याची कारणे अशा वेळी बहुतेक दोनच असतात. एक म्हणजे पुरावा जपलेला नसतो आणि दुसरे म्हणजे मुदत टळून गेलेली असते.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून या क्षेत्रातील कायद्यांची मांडणीच बदलली आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७, वेतन प्रदान कायदा, १९३६, ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ यांसह २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती अशा चार संहिता आल्या आहेत. त्या तारखेपूर्वी निर्माण झालेल्या हक्कांचा विचार सर्वसाधारणपणे जुन्या कायद्यानुसारच होतो. नंतरच्या घटनांना मात्र संहिता लागू आहेत. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे या बदलासह समजून घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.

कायद्याच्या दृष्टीने 'कामगार' कोण?

हुद्दा कोणता आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते आहे, ही यातील खरी कसोटी होय. अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम करणारी व्यक्ती औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगार ठरते. पत्रकार आणि औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी यांचाही त्यात समावेश आहे. मुख्यत्वे व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक यातून वगळले आहेत. त्यामुळे कारकुनाला 'व्यवस्थापक' अशी पाटी दिली म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत. रजा मंजूर करणे, नेमणूक करणे किंवा शिस्तभंगाची कारवाई करणे यांपैकी कोणताच अधिकार त्याला नसेल, तर न्यायालय ती पाटी बाजूला ठेवते.

प्रत्येक कर्मचारी कामगार असतोच, असेही नाही. शिक्षक हा कामगार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिला होता. मात्र २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा हक्क ३ एप्रिल १९९७ पासून मिळाला. एका तरतुदीखाली कामगार नसलेली व्यक्ती दुसऱ्या तरतुदीखाली लाभास पात्र असू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

नेमणूकपत्र दिलेले नाही. मग नोकरी सिद्ध कशी करावी?

नेमणूकपत्र नसले म्हणून नोकरी बेकायदा ठरत नाही. व्यावसायिक सुरक्षा संहितेने आता प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे हे मालकाचे कर्तव्यच केले आहे. ज्यांना ते पूर्वी दिलेले नव्हते, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत देण्याचे बंधन घातले होते.

वाद न्यायालयात गेला, की पुराव्याचा प्रश्न उभा राहतो. आपण २४० दिवस काम केले, एवढे शपथपत्रावर सांगणे पुरेसे नाही. पगार मिळाल्याचा किंवा नेमणुकीचा काही पुरावा कामगाराने द्यायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका रोजंदारी मजुराच्या प्रकरणात म्हटले. पुढे २००५ साली त्याच न्यायालयाने या नियमाची दुसरी बाजू स्पष्ट केली. कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून साक्ष द्यावी आणि हजेरीपट, पगारपत्रक ही मालकाच्या ताब्यातील कागदपत्रे हजर करण्याची मागणी करावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे आरंभीचा भार कामगारावर असला, तरी मालकाला सर्व कागद कुलपात ठेवून निर्धास्त राहता येत नाही.

म्हणून बँकेचे खातेपुस्तक, ओळखपत्र, पगारचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, कामगार विम्याचे कार्ड, गेटपास आणि कामाबाबत आलेले मोबाइलवरील संदेश ही सर्व पुराव्याची साधने समजून जपावीत. नोकरी सुटताना ओळखपत्र परत करावे लागते, त्यामुळे त्याची छायाप्रत आधीच काढून ठेवावी. पगार रोख मिळत असेल, तर तो बँकेत जमा व्हावा अशी लेखी मागणी करावी.

२४० दिवस भरले, की नोकरी कायम होते का?

हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले, की कामगाराची एक वर्षाची सलग सेवा झाली असे मानले जाते. या दिवसांत भरपगारी रजा, कामावर झालेल्या अपघातामुळे पडलेले खाडे आणि प्रसूती रजेचा ठरावीक काळ धरला जातो. मात्र यातून मिळते ते संरक्षण, कायमपण नव्हे. नोटीस आणि नुकसानभरपाई दिल्याशिवाय अशा कामगाराची कपात करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. कायम होण्याचा प्रश्न स्थायी आदेश, करार आणि मंजूर जागा यांवर अवलंबून असतो. शासकीय नोकरीत तर नियमबाह्य नेमणूक केवळ काळ लोटला म्हणून कायम होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ साली स्पष्ट केले आहे.

काही मालक २४० दिवस भरण्यापूर्वी कामगाराला चार-आठ दिवस घरी बसवतात आणि पुन्हा बोलावतात. हा खंड केवळ हक्क टाळण्यासाठी पाडला, असे सिद्ध झाल्यास ती अनुचित कामगार प्रथा ठरू शकते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला मात्र कायद्याची मान्यता आहे. मुदत संपल्यावर अशी सेवा आपोआप संपते आणि ती कपात मानली जात नाही. त्याचबरोबर अशा कर्मचाऱ्याला तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याएवढे वेतन व लाभ द्यावे लागतात.

ठेकेदाराने पगार बुडवला, तर मागायचा कोणाकडे?

पगार देण्याची पहिली जबाबदारी ठेकेदाराची आहे. त्याने तो दिला नाही किंवा कमी दिला, तर ज्या आस्थापनेत काम केले त्या मुख्य मालकाने तो पूर्ण द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा, असा नियम आहे. 'तो आमचा माणूस नव्हे' हे उत्तर येथे चालत नाही. मात्र मुख्य मालकाकडे कायम होण्याचा हक्क यातून आपोआप निर्माण होत नाही. ठेका केवळ नावापुरता, कागदोपत्री देखावा होता असे सिद्ध झाले तरच कामगार मुख्य मालकाचा मानला जातो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निर्णयाने स्थिर झाले आहे. कामाची वाटणी कोण करतो, रजा कोण देतो आणि शिक्षा कोण करतो, हे प्रश्न अशा वेळी निर्णायक ठरतात.

पगार किती तारखेपर्यंत मिळाला पाहिजे? किती कापता येतो?

मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. नोकरी सोडली, काढून टाकले किंवा आस्थापना बंद झाली, तर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत देण्याचे बंधन वेतन संहितेने घातले आहे. अंतिम हिशेबासाठी कर्मचाऱ्याला महिना-दीड महिना ताटकळत ठेवण्याची अनेक ठिकाणची रीत या तरतुदीशी विसंगत आहे. गैरहजेरी, आगाऊ रक्कम, भविष्य निर्वाह निधी अशा कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठीच कपात करता येते आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाहीत. जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट असतो.

थकीत वेतनासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. दावा मान्य झाल्यास मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. येथे पुराव्याचा भार मालकावर आहे, हे विशेष महत्त्वाचे. वेतन दिले नाही असा दावा झाला, की ते दिल्याचे मालकालाच सिद्ध करावे लागते. ज्याने रोखीने पगार देऊन सही घेतली नाही, त्याने खरोखर पैसे दिलेले असले तरी तो अडचणीत येतो.

नोकरीवरून काढताना मालकाने काय करावे?

येथे दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली, की प्रकरण बिघडते. काम कमी झाले म्हणून कामगार कमी करायचा असेल, तर ती कपात होय. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कारण नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. त्याशिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते, आणि तेही काढतेवेळीच. सहा महिन्यांहून अधिक असलेला उरलेला काळही एक वर्ष धरला जातो. त्या त्या वर्गात सर्वांत शेवटी आलेल्याला सर्वप्रथम कमी करावे, हा सर्वसाधारण नियम आहे. नव्या संहितेनुसार पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी आणखी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायची असून, ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे. ३०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते. ही मर्यादा पूर्वी १०० होती.

चोरी, मारामारी, सततची विनापरवाना गैरहजेरी अशा गैरवर्तनासाठी काढायचे असेल, तर वाट वेगळी आहे. स्पष्ट आरोपपत्र, खुलाशाची संधी, निःपक्ष चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी आणि चौकशी अहवालाची प्रत या पायऱ्या टाळता येत नाहीत. स्थायी आदेशांखाली निलंबित केलेल्या कामगाराला पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि चौकशी त्याच्यामुळे लांबली नसेल तर त्यानंतर ७५ टक्के वेतन निर्वाहभत्ता म्हणून मिळते. परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याला काम समाधानकारक नसल्याने साध्या आदेशाने मुक्त करता येते. आदेशात त्याच्यावर ठपका ठेवला, तर मात्र चौकशी आवश्यक ठरते.

हे सोपस्कार वाचवण्याची किंमत मोठी असते. बेकायदा सेवासमाप्तीत पूर्ववत नेमणूक आणि मधल्या काळाचे वेतन हा सर्वसाधारण नियम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितले. मधल्या काळात आपल्याला अन्यत्र उत्पन्न नव्हते, असे कर्मचाऱ्याने निवेदन करावे लागते. ते खोडून काढण्याचा भार मग मालकावर येतो.

सक्तीने घेतलेला राजीनामा मागे घेता येतो का?

'चौकशी करून काढण्यापेक्षा राजीनामा द्या, पुढच्या नोकरीला अडचण येणार नाही,' अशा शब्दांत कर्मचाऱ्याला बंद खोलीत बसवून सही घेतल्याच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात. कायद्याने राजीनामा स्वेच्छेचा असावा लागतो. सर्वसाधारणपणे तो स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो. दबावाखाली सही झाली असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने आणि स्पीड पोस्टने लेखी कळवावे. 'राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही, मी कामावर हजर राहण्यास तयार आहे' ही दोन वाक्ये पुरेशी असतात. हिशेबाची रक्कम निमूटपणे स्वीकारून सहा महिन्यांनी सक्तीची तक्रार केली, तर तिच्यावर विश्वास बसणे कठीण होते.

बंधपत्राबाबतही संभ्रम आढळतो. नोकरीच्या काळात अन्यत्र काम न करण्याची अट वैध असू शकते, हे कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यासंबंधीच्या १९६७ च्या निर्णयापासून मान्य झालेले तत्त्व आहे. ठरावीक काळ सेवा न केल्यास वाजवी रक्कम भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात ग्राह्य धरली. परंतु नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात कामच करू नये, ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. कर्मचाऱ्याची मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कामगार कायद्याने मालकाला दिलेला नाही.

ग्रॅच्युइटी किती आणि कधी?

दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झाल्यावर निवृत्ती, राजीनामा किंवा सेवासमाप्ती यांपैकी कोणत्याही कारणाने नोकरी संपली, तरी ग्रॅच्युइटी मिळते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला आता एका वर्षाच्या सेवेनंतरही ती मिळते. अखेरचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे असे तिचे सूत्र आहे.

वेतन म्हणजे काय, हा येथील कळीचा मुद्दा. एखाद्याला एकूण २६ हजार रुपये मिळतात आणि त्यांत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून फक्त ८ हजार, तर घरभाडे, प्रवासभत्ता व कमिशन मिळून १८ हजार आहेत, असे समजू. जुन्या पद्धतीने दहा वर्षांची ग्रॅच्युइटी ८ हजारांवर, म्हणजे सुमारे ४६ हजार १५४ रुपये होत असे. नव्या व्याख्येनुसार असे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरचा भाग वेतनात मिळवला जातो. येथे निम्मे म्हणजे १३ हजार. वरचे ५ हजार मूळ ८ हजारांत मिळवल्यावर वेतन १३ हजार होते आणि ग्रॅच्युइटी ७५ हजार रुपये. वेतनाचे तुकडे पाडून देणी कमी करण्याच्या पद्धतीला यामुळे बरीच खीळ बसते.

रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी लागते; उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. मालमत्तेचे नुकसान, हिंसक वर्तन, नैतिक अधःपतनाचा अपराध अशा कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी सेवा समाप्त केली असेल, तरच ती पूर्णतः वा अंशतः रोखता येते. नोटिशीचा कालावधी पूर्ण केला नाही, हे त्यातील कारण नव्हे.

गरोदरपणात कामावरून कमी करता येते का?

येत नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. दोन वा अधिक अपत्ये हयात असल्यास ती १२ आठवड्यांची असते. या रजेच्या काळात तिला काढणे किंवा तिच्या सेवाशर्ती तिला प्रतिकूल होतील अशा बदलणे बेकायदा आहे. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक असून, तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते.

दाद कोठे आणि किती दिवसांत मागावी?

वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्याकडे घटनेपासून एक वर्षात अर्ज करता येतो आणि तिने ३० दिवसांत काम पूर्ण करावे, अशी अपेक्षा आहे. सेवासमाप्तीचा वाद कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे नेता येतो. येथे मोठा बदल झाला आहे. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकाऱ्याला त्याची दखल घेता येत नाही. समेट झाला नाही, तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. 'साहेबांनी परत घेतो म्हणून सांगितले आहे' या तोंडी आश्वासनावर वर्ष-दोन वर्षे थांबणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान होते, कारण वाटाघाटी चालू असल्या तरी मुदत थांबत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो.

छोट्या मालकाने कोणती काळजी घ्यावी?

पाच-पंचवीस माणसे कामावर ठेवणाऱ्या उद्योजकाला स्वतंत्र कायदा विभाग परवडत नाही. त्याच्यासाठीही चार गोष्टी पुरेशा आहेत. नेमणूकपत्र देऊन पोच घ्यावी, पगार बँकेतून द्यावा, हजेरी व वेतनाच्या नोंदवह्या रोजच्या रोज भराव्यात आणि कोणालाही तोंडी आदेशाने काढू नये. भविष्य निर्वाह निधीसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेली रक्कम वेळेवर भरावी. ती न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे. विश्वासावर चाललेल्या व्यवहारात कागद कशाला, असे अनेक जुन्या मालकांना वाटते. परंतु मालक बदलतो, पुढची पिढी कारभार हाती घेते, भागीदारी फुटते आणि त्या वेळी विश्वासाची साक्ष द्यायला कोणी उरत नाही.

कायदा जुना असो वा नवा, तो नोंदी आणि तारखा पाहून निर्णय देतो. वीस वर्षे इमानाने काम केलेल्या माणसाची बाजू हजेरीपटाच्या एका प्रतीवाचून लंगडी पडू शकते. प्रामाणिक मालकालाही एक न दिलेली नोटीस लाखो रुपयांना पडू शकते. पहिला पगार झाला, की त्याच दिवशी घरात एक स्वतंत्र फाईल करून नेमणूकपत्र, पगारचिठ्ठ्या व पत्रव्यवहार तारीखवार लावून ठेवावा. ती उघडण्याची वेळ कदाचित कधीच येणार नाही. परंतु आली, तर त्या दिवशी नवा कागद तयार करता येत नाही.